माहेर देवळाली कॅम्प

आई खुर्चीवर बसली. झालं ते एवढंच.

पण रविवार उलटून चार दिवस झाले, तरी पहाटे तीनला मला जाग येते आणि त्या माणसाला काय उत्तर द्यायला हवं होतं ते अस्खलित इंग्रजीत, स्वल्पविरामासकट सुचतं. म्हणून लिहून टाकते.

आई-बाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे रेडिंगला आलेत. लंडन बघून झालं. आता सुट्टीच्या दिवशी 'कंट्रीसाइड'. म्हणजे रस्त्यावर तपकिरी पाटी दिसली की गाडी तिकडे वळवायची. त्या पाटीच्या शेवटी एक जुना वाडा असतो, वाड्याला बाग, बागेला तळं, तळ्यात बदकं, आणि या सगळ्याच्या आधी पार्किंग. नवऱ्याची क्रिकेटची मॅच होती. ती असतेच. या वाड्याचं नाव मी सांगणार नाही, कारण असे वाडे सांभाळणाऱ्या संस्थेच्या आमच्या वार्षिक सभासदत्वाचे सात महिने अजून शिल्लक आहेत.

पार्किंगपासून वाड्यापर्यंत अर्धा मैल खडी. आईचे गुडघे खडीवर चालायला लागले की तिच्याआधी तेच बोलतात. वाटेत हिरवळीच्या कडेला एक खंदक लागला आणि शेजारी पाटी: 'हा-हा'. बाबा थांबले. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे जमिनीत खड्डा दिसला की ते थांबतातच.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

मी सांगितलं, की बाबा, या खंदकालाच हा-हा म्हणतात. एका अंगाला उभी भिंत, दुसऱ्या अंगाला उतार. मेंढरं पलीकडे चरतात, उतारानं खाली येतात, भिंत आडवी येते, परत जातात. वाड्याच्या खिडकीतून बघणाऱ्याला मात्र भिंतही दिसत नाही नि खंदकही दिसत नाही, नुसती सलग हिरवळ दिसते. अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांची ही हौस.

"म्हणजे मेंढराला अडवायचं, पण अडवलंय असं दिसू द्यायचं नाही," बाबा म्हणाले. मग बराच वेळ खंदकाकडे बघत राहिले. "पाणी साचत असणार हो पावसाळ्यात." इथे बाराही महिने पावसाळा असतो हे त्यांना अजून पटलेलं नाही.

आत गेलो तर अंधार. जुने पडदे, गालिचे उन्हानं विटतात म्हणून या वाड्यांत खिडक्यांच्या झडपा लावून घेतात. पंचवीस पौंडांचं तिकीट काढून माणसं काळोखात एकमेकांच्या पायावर पाय देत छताकडे बघत असतात. आईला अगदी घरच्यासारखं वाटलं. "लोडशेडिंग आहे का गं?" तिनं विचारलं.

तीन दालनं झाली. चौथं ग्रंथालय. भिंतभर पुस्तकं, शेकोटी, आणि शेकोटीजवळ उंच पाठीच्या चार खुर्च्या. प्रत्येकीच्या गादीवर पाइनचं एकेक वाळलेलं फळ ठेवलेलं.

हे फळ म्हणजे सूचना असते. 'बसू नये' अशी पाटी लावणं या लोकांना असभ्य वाटतं, म्हणून ते खुर्चीवर पाइनचं फळ ठेवतात, नाहीतर टीझल नावाचं काटेरी बोंड ठेवतात, आणि समजून घ्यायचं तुम्ही. हे मला अकरा वर्षांत कळलं. आईला येऊन अकरा दिवस झाले होते. तिला दिसलं ते असं, की गुडघे दुखतायत, खुर्ची रिकामी आहे, आणि कुणीतरी तिच्यावर कचरा टाकलाय. तिनं तो कचरा उचलला, नीट शेकोटीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि "आई गं" म्हणत टेकली.

दाराशी एक स्वयंसेवक आजोबा होते. ऐंशीच्या घरातले. ट्वीडचा कोट, टाय, छातीवर बिल्ला, हातात त्या दालनाच्या माहितीचे प्लॅस्टिक चढवलेले कागद. ते पुढे आले. आता आपल्याकडे असता तर "ओ ताई, उठा" म्हणून मोकळा झाला असता. आई उठली असती, चार शब्द सुनावले असते, विषय संपला असता. या गृहस्थांनी दोन्ही हात जोडल्यासारखे छातीशी घेतले आणि सुरुवात केली:

"मला क्षमा करा, मी सहज असा विचार करत होतो, की आपल्याला जर फार गैरसोयीचं होणार नसेल, तर कदाचित, अर्थात अजिबात घाई नाही, पण आपण थोडंसं..."

आणि थांबले. पुढचं आपण ओळखायचं.

आई माझ्याकडे वळली. "वाक्याला क्रियापदच नाहीये याच्या."

इथे एक सांगायला हवं. आईनं साताऱ्यात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलंय. पॅसिव्ह व्हॉइस. रिपोर्टेड स्पीच. आजही बाजारपेठेत टक्कल पडलेले पुरुष तिला बघून तोंडातली तंबाखू लपवतात. पण ती माझ्याशी मराठीत बोलली, आणि तिथेच घात झाला. आजोबांनी ठरवलं, की बाईंना इंग्रजी येत नाही. मग ते वाकले, आवाज चढवला, आणि एकेक शब्द टपालाच्या तिकिटासारखा फाडून देऊ लागले:

"ही... खुर्ची... फार... जुनी... आहे."

"किती जुनी?" आईनं स्वच्छ इंग्रजीत विचारलं.

ते दचकले, पण वेग तोच ठेवला. "सतराशे... साठच्या... सुमाराची."

"मग सतराशे साठपासून कुणी बसलंच नाही का हिच्यावर?"

या वेळेपर्यंत मी तीनदा सॉरी म्हणाले होते. एकदा त्यांना, एकदा मागे उभ्या असलेल्या जोडप्याला, आणि एकदा, मला वाटतं, खुर्चीला. आजोबांनी आता आईला सोडलं आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. "आपण कृपया यांना समजावून सांगाल का?" मी म्हणाले, सॉरी. चार. मग आईला मराठीत सांगितलं, आई ऊठ. आई म्हणाली, मला कळलंय तो काय म्हणतोय ते, मी उठणारच आहे, पण उठायला मला दोन मिनिटं लागतात, हे तू त्याला समजावून सांग. मी सांगितलं. सुरुवात सॉरीनं केली. पाच.

मागच्या जोडप्यातली बाई कुत्र्याच्या पट्ट्याशी चाळा करत छताकडे बघू लागली. कुत्रा मात्र गालिच्यावर ऐसपैस पडला होता. त्याच्याखाली कुणी पाइनचं फळ ठेवलं नव्हतं.

खरं सांगू का, राग त्याचा नाही, की उठायला सांगितलं. दोनशे साठ वर्षांची खुर्ची आहे, आईचं वजन मला माहीत आहे, सांगायलाच हवं होतं. राग याचा, की त्या अर्ध्या, पाय नसलेल्या वाक्यांसमोर माणूस आपोआप लहान होतो. ओरडला असता तर ओरडता आलं असतं. बाबांचा खंदक मला तेव्हा आठवला. समोर सगळी हिरवळच असते, भिंत दिसत नाही, पायाखाली आली की कळते. मी इथे कर भरते, रांगेत उभी राहते, चहाबरोबरच्या स्कोन नावाच्या छोट्या केकवर आधी जॅम की आधी क्रीम यावर मतही बाळगते (क्रीम, डेव्हन परगण्यातल्यासारखं). आणि तरी एका फळासाठी पाच सॉरी.

आदल्याच शनिवारी आम्ही स्टोक रोला गेलो होतो. ऑक्सफर्डशरमधलं चिमुकलं खेडं, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिथे घुमटाखाली एक विहीर आहे, रहाटावर सोनेरी हत्ती. ही विहीर काशीनरेश ईश्वरी प्रसाद नारायण सिंह यांनी दिलेली. रीड नावाचा इंग्रज अधिकारी त्यांच्या ओळखीचा. त्यानं गप्पांच्या ओघात सांगितलं, की आमच्या डोंगराळ भागात पाण्याचे इतके हाल, की घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून पोराला मार बसला. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि पैसे पाठवले. १८६४ मध्ये विहीर सुरू झाली. खोली ३६८ फूट. सेंट पॉलचं कॅथेड्रल उभं आत सोडलं तर कळसासकट बुडेल. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावून दिली, तिचं नाव ईश्री बाग. बाबा त्या कठड्याला धरून तासभर उभे होते. "हातानं खणलीय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तर ज्या देशाला काशीच्या राजानं ३६८ फूट विहीर दिली, त्या देशात साताऱ्याच्या मास्तरीणबाईंना दोन मिनिटं खुर्ची मिळेना. हे मला पहाटे तीनला सुचलं. त्या वेळी सुचलं ते सॉरी. सहा.

आई एव्हाना माझ्या खांद्याला धरून उठली होती. आजोबांनी फळ परत गादीवर ठेवलं, अगदी नैवेद्य ठेवावा तसं. मग त्यांना वाटलं असावं, की जरा जास्तच झालं. काहीतरी छान माहिती द्यावी म्हणून ते हातातले कागद चाळू लागले. हवा तो सापडेना. कागद खाली पडले. ते हसले आणि म्हणाले,

"माफ करा हं. आज सकाळपासून मी अगदी डूलाली झालोय."

आईनं माझा खांदा सोडला.

"देवळाली?"

"जी?"

"देवळाली म्हणालात तुम्ही. माझं माहेर आहे ते! देवळाली कॅम्प!" आणि मला, "अगं, हा आपल्या देवळालीचा निघाला!"

आजोबा लालबुंद झाले. मला अर्थ माहीत होता. ऑफिसात रोज कानावर येतो. डूलाली म्हणजे डोकं फिरलेला. मी म्हणाले, आई, चल, पुढचं दालन बघू. पण आई कसली हलतेय. तिनं लाम रोडपासून सुरुवात केली. देवळाली गाव वेगळं आणि देवळाली कॅम्प वेगळा, हे लोकांना कळत नाही. हवा इतकी कोरडी, की मुंबईचे पारशी तब्येत सुधारायला येऊन सॅनिटोरियममध्ये राहायचे. तोफखान्याचा सराव सुरू झाला की मांडणीवरची भांडी थरथरायची, आणि आजी म्हणायची, झाला बाई तोफांचा वेळ. सगळं इंग्रजीत, एकही क्रियापद न गाळता.

आजोबा ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक संकट हळूहळू उगवत होतं. शेवटी प्रामाणिकपणानं मात केली. ते म्हणाले, मला सांगायला फार संकोच वाटतो, पण हा शब्द, मला वाटतं, त्याच गावावरून आलाय, आणि त्याचा अर्थ मात्र, कदाचित, थोडासा...

"काय अर्थ?" आईनं वर्गात विचारावं तसं विचारलं.

"वेडा," आजोबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं असावं.

मग पुढचं त्यांनीच सांगितलं. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाण्यासाठी देवळालीच्या छावणीत आणून ठेवायचे. फौज नेणारी जहाजं सुटायची नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलमध्ये ज्याची मुदत भरली, तो अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तिथे बसून. काम नाही, ऊन, हिवताप, दारू. काहींची डोकी खरोखरच फिरली. पुढे 'डूलाली टॅप' असंच म्हणू लागले. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.

दालनात शांतता. बाबा शेकोटीची चिमणी कुठून जाते ते वाकून बघत होते, तेसुद्धा सरळ झाले. मी सातव्या सॉरीची तयारी केली. ती कुणाला म्हणायची हे ठरेना, एवढंच.

"म्हणजे," आई म्हणाली, "वेडे तुमचे होते. गाव आमचं."

आजोबांनी एक क्षण विचार केला. "हो," ते म्हणाले, "अगदी बरोबर."

आणि मग ते दाराशी गेले आणि स्वतःची खुर्ची घेऊन आले. साधी, घडीची, प्लॅस्टिकची. हा सगळा वेळ ती तिथे रिकामी उभी होती. मी आठव्या मिनिटाला तिच्याकडे बघितलं होतं, पण मागायची कशी, वाक्य जुळेना. त्यांनी ती उघडून, हातानं झटकून आईपुढे ठेवली आणि स्वतः बाजूला उभे राहिले.

ते दोघं पाऊण तास बोलत होते. मी उभी. बाबा चिमणीत. कुणी मला विचारलं नाही, की तुला बसायचंय का.

चहाघरात पोचलो तेव्हा पावणेपाच. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, की स्कोन संपले, आणि ती, कदाचित, हळूहळू, आवरायला घेण्याच्या विचारात होती. मी सॉरी म्हणून बाहेर आले. पाऊस लागला होता. गाडीत काचा वर करून आम्ही डब्यातल्या थालीपीठाचे तुकडे खाल्ले. काचांवर वाफ धरली. मी म्हणाले, आई, त्या माणसानं तुझ्यावर आवाज चढवला, तुला काहीच कसं वाटलं नाही? ती म्हणाली, ऐकू कमी येतं गं त्याला. कानात यंत्र होतं, बघितलं नाहीस? मी बघितलं नव्हतं. आता तर त्याच्यावर नीट रागवायचीही सोय राहिली नाही.

घरी येईपर्यंत ती फोनवर मावशीशी बोलत होती.

"अगं, आपल्या गावाचा शब्द आहे त्यांच्या डिक्शनरीत! हो, हो, देवळालीचा. रोज वापरतात म्हणे." मग जरा थांबून, "अर्थ ना? अर्थ भेटल्यावर सांगते."