जर्मनची 200 क्रियापदं पाठ करायला सांगणारं ते फॉरवर्ड

जर्मन शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय. त्यात म्हटलंय की ए1 (जर्मनची अगदी पहिली पातळी) चालू करायच्या आधी 200 अनियमित क्रियापदांचे तक्ते पाठ करा, कारण वर्तमानकाळात नियम असा काही नाहीच. मग दोन ओळी खाली सांगतात की मधला ए दिसला की इ करा, आ दिसला की त्यावर टिंबं द्या (म्हणजे उच्चार ए होतो), झालं (म्हणजे नियम आहे की नाही ते एकदा ठरवा बुवा). मोडल व्हर्ब (शकणे, लागणे अशा अर्थाची, दुसऱ्या क्रियापदाला जोडून येणारी क्रियापदं) म्हणे शेवटी ठेवा, अवघड असतात, आणि नाहीच जमलं तर शब्दकोशातलं मूळ रूप तसंच बोला, जर्मन लोक समजून घेतात.

आधी ते 200. शब्दकोशाच्या मागे जी लांबलचक यादी छापलेली असते ना, ती मुख्यतः भूतकाळासाठी असते. ट्रिंकेन (पिणे), फिंडेन (सापडणे), श्रायबेन (लिहिणे), ब्लायबेन (राहणे), कोमेन (येणे) ही सगळी त्या यादीत आहेत, पण वर्तमानकाळात एकदम सरळ चालतात: कोमे, कोम्स्ट, कोम्ट. आपल्याकडे 'जाणे' तसंच, जातो-जातेस मध्ये काही गडबड नाही, गेला म्हणताना सगळं बदलतं, म्हणून कोणी 'जातो' अनियमित आहे म्हणत नाही. वर्तमानात खरोखर वेडीवाकडी म्हणजे झाइन (असणे), त्याचे बिन, बिस्ट, इस्ट, झिंट, झाइट पाठच करायचे, इलाज नाही. हाबेन (जवळ असणे) आणि वेर्डेन (होणे) थोडी वाकडी. बाकी (मोडल आणि विसेन सोडून, ते पुढे येतात) ज्यांचा स्वर बदलतो त्यांचाही फक्त दोन ठिकाणी बदलतो, दू म्हणजे तू आणि एर-झी-एस म्हणजे तो-ती-ते. नेमेन (घेणे) घ्या: इश (मी) नेमे, दू निम्स्ट, एर निम्ट, आणि पुढे वीर (आम्ही) नेमेन, ईर (तुम्ही लोक) नेम्ट, परत मूळपदावर. त्यामुळे सहा खान्यांचा तक्ता घोकायची गरजच नाही, मूळ रूप आणि 'तो'चं रूप अशी जोडी लक्षात ठेवली की बाकीचं आपोआप येतं.

आता तो ए-चा-इ वाला शॉर्टकट, कारण सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. गेबेन (देणे) चं एर गिप्ट होतं, पण लेबेन (जगणे) चं एर लेप्टच. ट्रागेन (वाहून नेणे, अंगात घालणे) चं ट्रेक्ट, फ्रागेन (विचारणे) चं फ्राक्ट. लाउफेन (पळणे) चं लॉइफ्ट, काउफेन (विकत घेणे) चं काउफ्ट. झेएन (बघणे) चं झीट, आणि गेएन (जाणे) चं गेट. यमक जुळणाऱ्या जोड्या आहेत सगळ्या, नुसतं मूळ रूप बघून कोण बदलणार ते कोणीच सांगू शकत नाही, आणि हा शॉर्टकट शिकलेली मुलं छातीठोकपणे 'एर लिप्ट', 'एर फ्रेक्ट' बोलून येतात. कारण जुनं आहे. जुन्या जर्मनमध्ये गेबेन-ट्रागेन सारख्यांच्या या दोनच रूपांच्या शेवटात इ होता, त्याने आधीचा स्वर स्वतःकडे ओढला, नंतर तो इ गळून गेला पण ओढलेला स्वर तसाच राहिला. लेबेन आणि फ्रागेनच्या शेवटात तो इ नव्हताच. म्हणजे नियम होता, त्याचा पुरावा तेवढा पुसला गेलाय. म्हणूनच जोडी पाठ करायची.

मोडल शेवटी? उलट ते पहिल्या आठवड्यात घ्या. क्योनेन (शकणे), म्युसेन (लागणे, करावंच लागणे), ड्युर्फेन (परवानगी असणे), म्योगेन (आवडणे), झोलेन (करायला हवं असणे), वोलेन (इच्छा असणे), ही सहा, आणि त्यांच्यासारखंच वागणारं विसेन (माहीत असणे). इश कान, एर कान, इश मुस, एर मुस, मी आणि तो अगदी सारखे, शेवटी ट लावायचा नाही (एर कान्ट म्हणू नका). आणि खरी मजा म्हणजे मोडल आला की मुख्य क्रियापद मूळ रूपात वाक्याच्या शेवटी जातं. फारेन (गाडीने जाणे) चं एर फेर्ट आठवत नाहीये? एर मुस फारेन, म्हणजे त्याला जावं लागतं, फेर्टची गरजच पडली नाही. नवशिक्याला याहून स्वस्त पळवाट नाही आणि हे फॉरवर्डवाले तीच शेवटी ठेवायला सांगतायत.

राहिलं ते समजून घेतात प्रकरण. दुकानात पाणी मागताना घेतीलही. पण जर्मनमध्ये झी म्हणजे ती, झी म्हणजे ते सगळे, आणि झी म्हणजे आदरार्थी तुम्ही, बोलताना तिन्हींचा उच्चार एकच. झी श्लेफ्ट म्हणजे ती झोपलीय. झी श्लाफेन म्हणजे ते झोपलेत, किंवा समोरच्याला तुम्ही झोपता असं. तिच्याबद्दल बोलताना मूळ रूप ठोकलं तर समोरचा विचारणार, कोण कोण झोपलेत?