वॉर्ड खुला झाला की ताईंचं काय होतं?

महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली की दोन प्रकारची माणसं हिरमुसतात. ज्यांचा वॉर्ड महिला राखीव झाला ते भाऊ, आणि ज्यांचा वॉर्ड खुला झाला त्या ताई. भाऊंची बातमी होते. 'दिग्गजांना धक्का', 'अमुक यांचा पत्ता कट' वगैरे. ताईंची होत नाही. वॉर्ड खुला झालाय ना, मग उभं राहायला त्यांना कुणी अडवलंय? असं आपण सगळेच सहज म्हणून जातो.

अडवतं की नाही, हे एका राज्यशास्त्रज्ञाने चक्क मोजून ठेवलंय, आणि तेही आपल्या मुंबईतच. रिखिल भावनानी हे त्यांचं नाव, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवतात. २००९ साली 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू'मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. प्रश्न अगदी साधा होता. एखादी जागा एकदा महिलांसाठी राखीव ठेवली आणि पुढच्या वेळी आरक्षण काढून घेतलं, तर तिथे बाई निवडून येते का? त्यासाठी त्यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका घेतल्या.

मुंबईच का, तर सोडतीमुळे. शाळकरी मुलं सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढतात तो कार्यक्रम आपल्याला करमणुकीचा वाटतो, पण संशोधकासाठी ती लॉटरीच लागलेली असते. नव्या औषधाची चाचणी घेताना चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडतात ना, तसेच इथे वॉर्डांचे गट आपोआप पडतात. अमुक वॉर्डातले लोक पुढारलेले म्हणून तो राखीव झाला, असं म्हणायला जागाच उरत नाही. त्यामुळे पाच वर्षांनी दोन्हीकडच्या निकालांत फरक दिसला, तर तो आरक्षणाचा परिणाम म्हणता येतो.

आणि फरक दिसला. २००२ मध्ये जे वॉर्ड खुले होते, त्यांतले काही १९९७ मध्येही खुले होते. तिथे बाई निवडून येण्याचं प्रमाण ३.७ टक्के. आणि जे १९९७ मध्ये महिला राखीव होते, तिथे २१.६ टक्के. पाचपटीहून जास्त! भावनानींनी कारणंही तपासली. आरक्षणामुळे निवडून येण्याची धमक असलेल्या बायका मुळात राजकारणात आल्या, आणि बाई उभी केली तरी सीट निघते हे पक्षांना कळलं. हे निष्कर्ष त्यांनी स्वतःच जपून मांडलेत, तेव्हा मीही फार ताणत नाही.

आता माझं म्हणणं. ही 'पाचपट' महिला आरक्षणाच्या प्रत्येक समर्थकाला आवडते. मलाही आवडते. पण २१.६ कडे जरा उलट बाजूने बघा. पाच वर्षं बाईने कारभार केलेल्या, लोकांनी तिला कामं सांगितलेल्या वॉर्डांपैकीही, आरक्षण उठताच, जवळजवळ पाचातले चार वॉर्ड पुन्हा पुरुषांकडे गेले. आधी काहीच नव्हतं म्हणून पाचपट एवढी मोठी दिसते. ३.७ हा आकडाच लाज आणणारा आहे. आज राखीव जागा निम्म्या आहेत, २२७ पैकी ११४. हा अभ्यास एक तृतीयांशच्या काळातला, त्यामुळे ते आकडे आजच्या निवडणुकीला जसेच्या तसे लावू नयेत. पण सोडतीची रीत तीच आहे.

आमच्या भागातल्या एका माजी नगरसेविकेची गोष्ट सांगते. नाव, पक्ष काही सांगणार नाही, विचारू नका. निवडून आल्या तेव्हा त्यांच्या लेटरहेडवर दोन मोबाईल नंबर होते, आणि पहिला मिस्टरांचा होता. बॅनरवर दोघांचे फोटो, मिस्टरांचा मोठा. वॉर्ड ऑफिसातही 'भाऊंना फोन करा' हेच चालायचं. झेरॉक्स नगरसेविका म्हणून आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये टिंगल केली, त्यात मीही पुढे होते. मग आमच्या गल्लीचा पाण्याचा प्रश्न पेटला. बाई पहाटे चावीवाल्याबरोबर उभ्या राहायला लागल्या. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडतात, कुठे किती वेळ पाणी सोडतात, सगळं एका शाळेच्या वहीत. ती वही घेऊन त्या जलखात्याच्या इंजिनिअरसमोर बसल्या तेव्हा मी तिथेच होते. साहेब म्हणाले, 'मॅडम, प्रेशरचा प्रॉब्लेम आहे.' बाई म्हणाल्या, 'प्रेशर पुढच्या गल्लीत कसं येतं मग? तिथे बारा आटे, इथे सात.' मिस्टर बाहेर बाकड्यावर बसले होते. त्यानंतर लोक बाईंनाच फोन करायला लागले.

पुढच्या सोडतीत वॉर्ड खुला झाला. तिकीट दुसऱ्याच भाऊंना. बाईंना म्हणे पक्ष संघटनेत मोठी जबाबदारी देणार होते. ती जबाबदारी म्हणजे काय हे राजकारण जवळून बघणाऱ्यांना सांगायला नको.

पाण्यावरून आठवण निघालीच आहे तर सांगते. १९६१ मध्ये मृणालताई गोरे महापालिकेत गेल्या तेव्हा महिला आरक्षण नव्हतं, आणि 'पाणीवाली बाई' ही ओळख त्यांनी हंडे-मोर्च्यांतून कमावली. मग आरक्षण कशाला, असं विचारणारे नेहमी त्यांचंच नाव घेतात. पण पुढच्या कित्येक वर्षांत किती जणींची नावं घेता येतात? आणि पाणी हा काही मुंबईपुरता योगायोग नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातलं उदयपूर इथल्या पंचायतींचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बायका तक्रारी घेऊन कशासाठी येतात ते त्यांनी आधी पाहिलं. दोन्हीकडे पाणी होतंच, बीरभूमला रस्तेही होते. जिथे प्रमुखपद महिलांसाठी राखीव होतं तिथे खर्चही त्याच कामांकडे वळलेला दिसला.

म्हणजे बाई असण्याने कामात फरक पडतो आणि निवडून येण्यातही पडतो. मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते दर निवडणुकीला आरक्षण फिरवण्यात. पहिली दोन वर्षं कामाची भाषा शिकण्यात जातात. टेंडर, नगरसेवक निधी, स्थायी समिती, कोण कुणाचं ऐकतं. तिसऱ्या वर्षी बाई उभी राहते, आणि पाचव्या वर्षी एक चिठ्ठी येते. पुन्हा इथूनच लढायची आशाच नसेल, तर नगरसेविकेने मतदाराला हिशेब का द्यावा? आणि मतदाराने तरी पसंती-नापसंती दाखवायची कुठे? राखीव वॉर्ड खुला होतो तेव्हा ताई जातात, खुला राखीव होतो तेव्हा भाऊ शेजारच्या वॉर्डात नाहीतर बायकोच्या नावाने. दोन्ही वेळेला मतदाराच्या हातातला 'पुन्हा देतो' किंवा 'पाडतो' हा हक्क निसटतो. प्रतिनिधित्व म्हणतात ते यावरच तर उभं असतं.

बंगालमध्येच झालेला आणखी एक अभ्यास आहे, तोही २००९ चा. त्यात गावकऱ्यांना एकच भाषण कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे प्रधानपदी (म्हणजे सरपंचपदी) कधीच बाई नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे आरक्षण येऊन गेलं होतं तिथे ती तफावत गेली. आणि आरक्षण उठल्यावर बायका जास्त संख्येने उभ्या राहून निवडून आल्या कुठे? तर जिथे सलग दोन वेळा पद राखीव होतं तिथे. माझा सगळा मुद्दा या सलग दोन वेळांत आहे.

आमच्या वहिनींचा (त्या पक्षात सक्रिय आहेत) यावर आक्षेप ठरलेला. 'दहा वर्षं वॉर्ड राखीव ठेवला तर तिथल्या पोरांनी सतरंज्याच उचलायच्या का?' प्रश्न खोटा नाही. पण ती पोरं दहा वर्षांनी तयार असतात. बायकांनी सतरंज्या किती वर्षं उचलल्या, हे कुणी विचारत नाही.

याहून अवघड आक्षेप दिल्लीतून येतो. तिथल्या महापालिकेच्या अभ्यासात असं दिसलं की महिला राखीव जागांमुळे उच्चवर्णीय उमेदवार वाढले आणि ओबीसी घटले. आपल्याकडे ओबीसींच्या जागा वेगळ्या राखीव असतात, त्यामुळे तंतोतंत तसं होणार नाही. पण खुल्या प्रवर्गातल्या महिला जागांवर कुणाच्या घरातल्या बायका येतात, हे डोळे उघडे ठेवून बघायला हवं. दोन टर्मचं आरक्षण मागताना मी हे विसरायला तयार नाही. उलट ते अनुसूचित जाती आणि ओबीसी महिलांच्या जागांनाही लागू करा.

बरं, ही मागणी काही आकाशातली नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांत राखीव जागा आळीपाळीने फिरवण्याची मुभा दिली, पण ती दर पाच वर्षांनीच फिरवा अशी सक्ती केलेली नाही. तमिळनाडूने पंचायतींत दहा वर्षांचं आवर्तन ठेवून दाखवलंय. आणि खासदारांनी स्वतःसाठी काय लिहिलं ते बघा. लोकसभेत २०२३ मध्ये ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालेल्या महिला आरक्षणात राखीव मतदारसंघ फिरणार आहेत ते मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, दर निवडणुकीला नाही. स्वतःच्या मतदारसंघाचा प्रश्न आला तेव्हा स्थैर्याचं महत्त्व दिल्लीत बरोबर कळलं!

मुंबईत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होता, तेव्हा नगरसेवक नसल्याने काय होतं ते आपण भोगलंय. आता सभागृह आलंय. पुढची सोडत यायच्या आत, आज निवडून आलेल्या बायकांना त्याच वॉर्डातून आणखी एक संधी देणारा नियम राज्य सरकारने करावा, त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. तोवर प्रत्येक पक्षाने खुल्या वॉर्डांत किती बायकांना तिकीट दिलं तेवढं जाहीर करावं. उमेदवारांच्या याद्या त्यांच्याकडेच आहेत.