गाळा नंबर तीनची गॅसलाइन

आज सोसायटीच्या मीटिंगमधून मी मध्येच उठून आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या खालच्या गाळ्यात ताईंचं पोळी-भाजी केंद्र आहे. त्यांना पाइपचा गॅस घ्यायचाय. आपल्याच भिंतीवरून पाइप पुढे न्यायचा, त्यासाठी सोसायटीची एनओसी हवी. कमिटी म्हणते, आत्ताच रंग दिलाय, भिंत खराब होईल, आणि कमर्शियलला कशाला? अहो, वर घराघरात तोच गॅस जळतोय! त्यातल्या निम्म्या घरांत रात्रीच्या पोळ्या ताईंकडून येतात.

मला तिथे बसल्या बसल्या आई दिसत होती.

नवी मुंबईत कोपरखैरण्याला आई डबे करायची. महाप्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांचे चाळीस डबे. सिलिंडर किती उरलाय हे ती वरची कडी धरून, जरासा उचलून बघायची. तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं. एकदा पहाटे साडेचारला साठेक पोळ्या झाल्या आणि शेगडी विझली. दुसरा सिलिंडर नव्हता, कारण तो भरून ठेवायला पैसे नव्हते. एजन्सी उघडणार नऊला. आईने सिलिंडर आडवा घातला, हलवला. किती धोक्याचं ते, आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. शेवटी शेजारच्या काकूंनी घरातला लाल सिलिंडर दिला. तो धंद्याला वापरायचा नसतो हे आईलाही ठाऊक होतं. तरी पंधरा डबे गेलेच नाहीत. चार गिऱ्हाइकं कायमची तुटली.

कंपन्यांकडून होणारा स्थानिक विकास म्हटलं की आपल्याला शिलाई मशीनचं वाटप आणि स्टेजवरचे हार आठवतात. त्यासाठी कायदाही आहे: कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, आणि जिथे त्यांचं काम चालतं त्या भागाला प्राधान्य द्यायचं. चांगलंच आहे, शाळांना बाक मिळोत, दवाखाने उभे राहोत. पण मला विचाराल तर गॅस कंपनी गावाला जे सगळ्यात मोठं देते ते म्हणजे तिचा पाइप. १९ किलोच्या सिलिंडरचे पैसे आधी मोजावे लागतात. पाइपच्या गॅसला मीटर असतं. आधी पोळ्या भाजा, विका, बिल मागाहून येतं. ताईंसारख्या बाईच्या हातात तेवढे पैसे पिठाला आणि भाजीला मोकळे राहतात. डिपॉझिट भरावं लागतं, मान्य. पण ते एकदाच.

त्या पहाटे आईकडे हा पाइप असता तर?

आणि एकटं पोळी-भाजी केंद्रच कशाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या भट्ट्या, बेकऱ्या, हॉटेलं, सीएनजीवर घर चालवणारे रिक्षावाले. पाइप तापवून जोडणारी, मीटर बसवणारी मुलं. आमच्या जुन्या कॉलनीतला एक जण आयटीआय करून याच कामाला लागला आणि त्यावर धाकट्या बहिणीचं शिक्षण केलं त्याने. समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्रात १९७४ साली तेल लागलं; तिथला गॅस उरणला किनाऱ्याला लागतो, आपल्या अगदी शेजारी. आपल्याकडे पाइपचा गॅस पुरवणाऱ्या महानगर गॅस कंपनीची स्थापना १९९५ची. म्हणजे इतकी वर्षं ही सोय आपल्या दाराशी आहे, आणि तिच्या शेवटच्या वीस फुटांना आपणच आडवे पडतो!

कंपनी नफ्यासाठीच धंदा करते, हो. कोणत्याही कामासाठी रस्ते खोदले की पावसाळ्यात हाल आपलेच होतात, तेही खरं. म्हणून ताईंनी सिलिंडर उचलत राहायचं का?

मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "स्फोट झाला तर?" तेव्हा मी ओरडले त्यांच्यावर. ते चुकलंच. सत्तरीचे आहेत, भीती खरी आहे त्यांची. काका, तुम्ही इथे वाचता, म्हणून सांगते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. खिडकी उघडी असेल तर लवकर निघून जातो. गळती दोन्हीकडे वाईटच, पण गाळ्यात एकावर एक रचलेले सिलिंडर तुमच्या बेडरूमच्या बरोबर खाली आहेत आत्ता. ते तिथून जावेत असं तुम्हालाही वाटेल ना?

आई आता डबे करत नाही. गुडघे गेलेत. परवा माझ्याकडे आली होती, तेव्हा जिना चढण्याआधी ताईंच्या गाळ्यात डोकावली आणि कोपऱ्यातला सिलिंडर कडीला धरून उचलून बघितला. "अगं, संपत आलाय हा," म्हणाली त्यांना.

मी अर्ज नव्याने लिहिलाय. भिंतीचा रंग खराब झाला तर त्या पट्ट्याचा खर्च मी देईन, हेही त्यात आहे. उद्या संध्याकाळी सात वाजता खाली गाळा नंबर तीनसमोर उभी असेन. बिल्डिंगमधले जे हे वाचतायत त्यांनी सही करायला या. काका, तुम्हाला मी घ्यायला येते.