फॉल्ट ड्रायव्हरला कळवा, पण जपून

आयओएमएमयू, म्हणजे डिव्हाइसच्या मेमरी-वापरावर पहारा ठेवणारं हार्डवेअर, यावरच्या एका लेखात लेखकाचं म्हणणं आहे, डिव्हाइसने नको त्या मेमरीला हात लावला (हाच फॉल्ट) की आयओएमएमयू अडवतो आणि कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये नोंद होते, तेवढं पुरे. मला नाही पटत. अंधेरीतल्या आमच्या लॅबमध्ये एका नेटवर्क कार्डाच्या नावाने डीएमएआरच्या, म्हणजे इंटेलच्या आयओएमएमयूच्या फॉल्ट-नोंदींच्या, ओळी धडाधड यायच्या: ०३:००.० (कार्डाचा बसवरचा क्रमांक) आणि एक मेमरी-पत्ता, बस्स. तो पत्ता कुठल्या बफरचा (डेटासाठी राखलेल्या मेमरीचा), अनमॅप आधीच झालं होतं का, म्हणजे कार्डाची तिथली परवानगी काढून घेतली होती का, हे फक्त ड्रायव्हरलाच, कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरलाच, ठाऊक. आणि त्यालाच कुणी विचारत नाही!

लिनक्समध्ये ड्रायव्हरला फॉल्ट हँडलर, म्हणजे फॉल्ट झाला की चालणारं फंक्शन, लावायची सोय आहे, पण व्हीटी-डी या इंटेलच्या आयओएमएमयूचा ड्रायव्हर तो बोलावतच नाही. त्यात पीसीआय एक्सप्रेसवर, कार्ड ज्या बसने जोडलेलं असतं तिच्यावर, मेमरी राइटला पोचपावती नसते. अडवलेला राइट गुपचूप गळतो, कार्डाला वाटतं काम फत्ते. रीडला निदान एरर तरी परत मिळते.

एक अडचण मात्र खरी. बिघडलेलं कार्ड फॉल्टचा पाऊस पाडतं. प्रत्येक फॉल्टला ड्रायव्हर जागा केला तर सीपीयू त्यातच अडकेल. पहिला फॉल्ट कळवा, बाकीचे दाबा. शिवाय हँडलर इंटरप्टमधून, म्हणजे सीपीयूचं चालू काम थांबवून, चालतो, त्यामुळे कार्डाचा रीसेट तिथेच नको, वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) ढकला.