५० कोटी लिटर नकली दूध? आकडा आला कुठून?

"देशात रोज १४ कोटी लिटर दूध निघतं आणि खपतं ६४ कोटी, म्हणजे ५० कोटी लिटर नकली! ६८ टक्के दूध भेसळीचं. डब्ल्यूएचओचा इशारा: २०२५पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे पुन्हा फिरतंय. शेजारच्या काकूंनी तर पिशवी बंद करून तबेल्याचं दूध लावलं.

आधी वजाबाकी. रोजचे १४ कोटी म्हणजे वर्षाला साधारण ५ कोटी टन. एवढं दूध देशात १९९०च्या सुमारास निघायचं. २०२२-२३चं उत्पादन आहे २३ कोटी टन, म्हणजे रोज ६३ कोटी किलो. खप आजचा, उत्पादन आमच्या लहानपणीचं. मग फरक पडणारच!

६८ टक्के हा आकडा सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११च्या पाहणीतला. तेवढे नमुने मानकांत बसले नव्हते. त्यांतला मोठा दोष पाण्याचा होता. २०१८च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी घातक भेसळ सापडली १२ नमुन्यांत. मात्र ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. बुरशी लागलेल्या पेंडीतून ते दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. काकू, तबेल्यातली म्हैसही पेंडच खाते.

डब्ल्यूएचओने असा इशारा दिलेलाच नाही.

"पिशवीत पावडर कालवतात" असंही लोक म्हणतात, ते मात्र निव्वळ खोटं नाही. १९७०मध्ये ऑपरेशन फ्लड ही देशातलं दूध वाढवण्याची मोहीम सुरू झाली ती युरोपातून मदत म्हणून आलेल्या पावडरीवर आणि बटर ऑइलवर. मुंबईसह चार महानगरांत त्याचं दूध करून विकलं आणि त्या पैशांतून गावोगावचे दूधसंघ उभे राहिले. ती पावडर फुकट वाटली असती, तर गावाकडच्या दुधाचा भावच पडला असता. आता पावडर आपलीच: थंडीत दूध जास्त झालं की करून ठेवायची, उन्हाळ्यात आटलं की वापरायची. यात लपवाछपवी कसली?

भेसळ शोधायचीच तर नाक्यापर्यंत जा. पिशवीचा कोपरा कापून दूध काढायचं, पाणी भरायचं, मेणबत्तीवर कड चिकटवायची, हा धंदा मुंबईत धाडींमध्ये पकडला गेलाय. सकाळी पिशवीच्या कडेवरून बोट फिरवा. जळकी, वाकडी लागली तर परत करा. आणि रिकामी पिशवी टाकताना मधोमध फाडा, म्हणजे ती पुन्हा कुणाला भरता येणार नाही.