आयर्लंडची ओस गावं: एका फिरत्या दाव्याचा समाचार

आयर्लंडमधल्या छप्पर उडालेल्या दगडी घरांच्या फोटोखाली एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि चार-पाच वर्षांत गावंच्या गावं रिकामी झाली, मुळात लोकांनीच पोरांना वाटून वाटून जमिनीच्या चिंध्या केल्या होत्या, जमीन सगळी इंग्रज जमीनदारांची होती, ती १९२२च्या स्वातंत्र्यानंतर कुळांना मिळाली, आणि त्याच वर्षी डब्लिनच्या आगीत सगळे कागद जळाल्यामुळे एखाद्या खेड्याचा खरा इतिहास आता कुणालाच सांगता येणार नाही. यातल्या प्रत्येक विधानात थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर ती खपतात.

आधी एक शब्द समजून घेऊ. आयर्लंडच्या ग्रामीण इतिहासाचं एकक ‘टाउनलँड’. नावात टाउन असलं तरी ते गाव नव्हे. हद्द ठरलेला जमिनीचा तो सर्वांत लहान तुकडा. आपल्या मौज्यासारखा, पण आकाराने बराच लहान. अशी टाउनलँडं साठ हजारांवर आहेत आणि सरासरी क्षेत्र सव्वातीनशे एकरांच्या आसपास. एखाद्यात चाळीस घरं, एखाद्यात एकही नाही. त्यांच्या हद्दी सरकारी हद्द-मोजणीचा प्रमुख रिचर्ड ग्रिफिथ याच्या हाताखाली पक्क्या झाल्या आणि १८२४पासूनच्या मोजणीत मैलाला सहा इंच या प्रमाणाच्या नकाशांवर आल्या.

आता शेवटच्या विधानापासूनच सुरुवात करू, कारण ते खरं असतं तर बाकीच्यांवर बोलायचं कारणच उरलं नसतं.

३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या दप्तरखान्यात स्फोट होऊन आग लागली, हे खरं. त्यात १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या जनगणनांचे बहुतेक अर्ज गेले. पण १८६१ आणि १८७१चे अर्ज आगीत गेलेच नाहीत. आकडे काढून झाल्यावर सरकारनेच ते नष्ट करवले. १८८१ आणि १८९१च्या अर्जांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदासाठी लगदा झाला. म्हणजे आठपैकी चार जनगणनांना आगीची झळही लागलेली नाही. आणि १९०१, १९११ या दोन्ही जनगणनांचे अर्ज घराघरागणिक शाबूत आहेत, इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जळाली ती माणसांची नावं. आकडे आधीच छापून झाले होते. १८५१च्या जनगणनेच्या छापील खंडांत प्रत्येक टाउनलँडपुढे क्षेत्रफळ, १८४१ची आणि १८५१ची लोकसंख्या, दोन्ही वर्षांची घरं आणि करमूल्य दिलेलं आहे. पुढच्या जनगणनांच्या खंडांतही टाउनलँडवार आकडे १९११पर्यंत येत राहतात. सत्तर वर्षांचा आलेख दुपारभरात कागदावर उतरवता येतो.

तो उतरवताना तीन ठिकाणी पाय घसरतो. एकाच नावाची टाउनलँडं डझनांनी आहेत. म्हणून १८५१च्या अनुक्रमणिकेतून परगणा, पॅरिश (चर्चचा विभाग), पुअर लॉ युनियन (गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणारा विभाग) आणि नकाशाचा क्रमांक आधी नक्की करायचा, मगच आकड्याला हात लावायचा. दुसरं, टाउनलँडात वर्कहाऊस, म्हणजे निराधारांना ठेवायची जागा, किंवा पोलिसांची बराक असेल तर लोकसंख्या एकदम फुगते. तिथे घरांचा रकाना शेजारी ठेवून पाहिलं की सोंग कळतं. तिसरं, क्षेत्रफळ. १८२३पासून पुढची दहा-पंधरा वर्षं चर्चच्या दशमांशासाठी ज्या वह्या झाल्या, त्यांत बहुधा आयरिश एकर आहे आणि एक आयरिश एकर म्हणजे १.६२ साधे एकर. त्या वहीतले ६० एकर नंतरच्या यादीत ९७ दिसले की लोक म्हणतात, जमीनदाराने शेजारची जमीन ढापली. ढापलेली नसते, माप बदललेलं असतं.

नावं हवी असतील तर ग्रिफिथची करआकारणी, म्हणजे १८४७ ते १८६४ या काळात जिल्ह्याजिल्ह्याने छापलेली यादी. सातबारा वाचणाऱ्या माणसाला ती परकी वाटणार नाही: नकाशावरचा क्रमांक, भोगवटादार, त्याला जमीन देणारा, मालमत्तेचं वर्णन, क्षेत्र (एकर, रूड, पर्च, ४० पर्चांचा एक रूड, ४ रूडांचा एकर), आणि जमीन व इमारतींचं वेगवेगळं मूल्य. क्रमांकापुढचं मोठं अक्षर म्हणजे त्याच धारणेतला जमिनीचा वेगळा तुकडा, छोटं अक्षर म्हणजे घर. देणाऱ्याच्या रकान्यात ‘इन फी’ असेल तर भोगवटादार स्वतःच मालक. तिथे दुसऱ्याचं नाव असलं म्हणून तो मालक ठरत नाही. तो मधला ठेकेदार किंवा पोटकूळ ठेवणारा शेतकरीही असू शकतो. आणि हे मूल्य म्हणजे खंड नव्हे, बाजारभावही नव्हे.

या छापील यादीवर पुढे फेरफाराच्या वह्या चालल्या, थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. प्रत्येक फेरतपासणीला वेगळ्या रंगाची शाई. जुनं नाव खोडून वर नवं, कडेला साल. ते साल तपासणीचं असतं, मृत्यूचं नव्हे; मेलेल्या माणसाचं नाव आणखी काही वर्षं तसंच राहिलेलं सर्रास सापडतं. याशिवाय १७०८पासूनचं खरेदीखतांचं रजिस्टर वेगळ्या इमारतीत होतं, ते सुखरूप आहे. कॅथलिक पॅरिशांच्या नोंदवह्या पॅरिशांतच होत्या, त्याही वाचल्या.

एक गंमत अशी की जळालेल्या जनगणनेतले काही तुकडेही उरले आहेत. जानेवारी १९०९पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं. जन्मनोंदणी सुरू झाली १८६४मध्ये, मग वय सिद्ध करायचं कसं? लोकांनी १८४१ आणि १८५१च्या अर्जांत आपलं घर शोधून द्या म्हणून दप्तरखान्याला अर्ज केले. कारकुनांनी शोधून जे उतरवून ठेवलं, ते शोध-अर्ज टिकले. त्याच पेन्शनमुळे १९०१ ते १९११ या दहा वर्षांत अनेक म्हातारे चौदा-पंधरा वर्षांनी वाढलेले दिसतात, हेही ध्यानात ठेवावं.

आता बटाट्याच्या रोगामुळे पडलेल्या दुष्काळाने एका झटक्यात गावं रिकामी झाल्याचं विधान. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच परदेशी गेली. १८४१ची ८१,७५,१२४ ही लोकसंख्या १८५१मध्ये ६५,५२,३८५वर आली. त्याचं दुःख कमी लेखायचं कारण नाही. पण रिकामी होण्याचा हिशेब तिथे संपत नाही. लीट्रिम जिल्हा घ्या: १८४१मध्ये १,५५,२९७ माणसं, १८५१मध्ये सुमारे १ लाख १२ हजार, १९०१मध्ये ६९,३४३, आणि तळ गाठला तो १९९६मध्ये, २५,०५७वर. एकूण घटीचा एक तृतीयांश भाग दुष्काळाच्या दशकातला. दोन तृतीयांश त्यानंतरच्या दीडशे वर्षांतला. उलट केरीच्या किनाऱ्यावरचं ग्रेट ब्लास्केट बेट १८४१च्या १५३ वरून १८५१मध्ये ९७वर उतरलं आणि १९११मध्ये १६०वर, म्हणजे दुष्काळापूर्वीपेक्षाही वर गेलं. ते रिकामं झालं १९५३मध्ये.

फोटोंतल्या गावांचंही तेच. अकिल बेटावरचं स्लीव्हमोर ‘दुष्काळाचं गाव’ म्हणून दाखवतात. तिथली बरीच जमीन १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला एका प्रोटेस्टंट मिशनच्या हाती गेली. वस्ती डोंगरउतारावरून किनाऱ्याकडे सरकली आणि जुनी घरं उन्हाळ्यात गुरं चारायला येणाऱ्यांनी विसाव्या शतकातही वापरली. डोनेगलमधल्या डेरीव्हेमध्ये ४७ कुटुंबांतल्या २४४ माणसांना जमीनदार जॉन जॉर्ज अडेरने घराबाहेर काढलं ते एप्रिल १८६१मध्ये, दुष्काळ सरून दहा वर्षांनी. दुष्काळात कोणती घरं पडली हे बटाट्याइतकंच कायद्यानेही ठरवलं. १८४३पासून चार पौंड किंवा कमी मूल्याच्या धारणांचा गरीबनिधी कर जमीनदाराच्या माथी आला; अशी झोपडी पाडली की कर वाचला. १८४७च्या ग्रेगरी कलमाने पाव एकरापेक्षा जास्त जमीन असलेल्याला मदत बंद केली. मदत हवी तर जमीन सोड.

जमिनीच्या चिंध्या झाल्या होत्या, हे कबूल. चिंध्या केल्या कुणी, हा प्रश्न आहे. १७०४च्या कायद्याने कॅथलिक मालकाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटणं सक्तीचं केलं. थोरला प्रोटेस्टंट झाला तरच ती अखंड राहणार. १७९३मध्ये चाळीस शिलिंगांच्या धारणेवर कॅथलिकांना मत मिळालं आणि मतं वाढवायला जमीनदारांनीच छोटे पट्टे वाटले. १८२९मध्ये तो मताधिकार काढून घेतल्यावर तीच कुळं नकोशी झाली. पश्चिमेकडे ‘रनडेल’ होतं: घरं एका जागी दाटीने, आणि चांगल्या, मध्यम, खडकाळ अशा प्रत्येक जातीच्या जमिनीत प्रत्येकाचा वाटा. एका माणसाचे पंधरा-वीस तुकडे व्हायचे, पण त्यामुळे नुसता खडक कुणाच्या नशिबी येत नसे. दुष्काळानंतर हे चित्र उलटलं. जमीन एकाच मुलाला, लग्नं उशिरा, बाकीच्यांना बोटीचं तिकीट. म्हणजे वाटण्या थांबल्यावरही, कित्येक ठिकाणी थांबल्यामुळेच, वस्ती घटत राहिली. आणि १८४१च्या धारणांचे जे आकडे या वादात तोंडावर फेकले जातात, त्यांत आयरिश आणि साध्या एकरांची सरमिसळ आहे. ते १८५१च्या आकड्यांशेजारी सरळ मांडता येत नाहीत.

राहिलं इंग्रज जमीनदारांचं. रॉसकॉमनमधलं बॅलीकिलक्लाइन हे टाउनलँड १८३४मध्ये पट्टा संपल्यावर थेट राजसत्तेकडे आलं. लवकरच कुळांनी खंड द्यायचं थांबवलं, बटाट्याचा रोग यायच्या कितीतरी आधी. १८४७-४८मध्ये साडेतीनशेहून अधिक माणसं सरकारी खर्चाने न्यूयॉर्कला धाडली गेली. इथे जमीनदार म्हणजे सरकारच. दुसरीकडे १८४९च्या कायद्याने कर्जबाजारी जहागिरी विक्रीला निघाल्या तेव्हा बहुतेक खरेदीदार आयर्लंडमधलेच होते आणि काही ठिकाणी नवा मालक जुन्यापेक्षा कडक निघाला.

कुळांच्या मालकीसाठी १९२२ची वाट पाहावी लागली नाही. १८८५च्या कायद्याने पूर्ण किंमत कर्जाऊ दिली, ४ टक्क्यांनी ४९ वर्षांत फेडायची. १९०३च्या विंडहॅम कायद्याने हप्ता सव्वातीन टक्क्यांवर आणि मुदत साडेअडुसष्ट वर्षांवर नेली, वर जमीनदाराला विक्रीवर १२ टक्के बक्षीस. त्यानंतर सौद्यांची रांग लागली. १९२३च्या कायद्याने उरलेली जमीन सक्तीने घेतली गेली. आपल्या टाउनलँडात हे कधी घडलं ते फेरफाराच्या वहीत दिसतं: नावासमोर ‘एल.ए.पी.’ असा शिक्का, म्हणजे जमीन कायद्याखाली खरेदी, आणि देणाऱ्याच्या रकान्यात जमीनदाराचं नाव खोडून ‘इन फी’.

त्या खरेदीच्या मूळ फायली, म्हणजे नकाशे, हक्काचे उतारे, कुळांच्या याद्या, लँड कमिशनच्या, म्हणजे हे जमिनीचे व्यवहार पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, दप्तरात आहेत. लाखोंनी आहेत, धडधाकट आहेत. पण साध्या अभ्यासकाला त्या सरसकट पाहायला मिळत नाहीत. न जळलेल्या कागदांबद्दल मात्र कुणी मजकूर फिरवत नाही.