पोटचा पोरगा, परदेशी स्रोत

परवा रात्री सव्वाअकराला मामाचा फोन. "अगं, आपला ट्रस्ट युरोपियन करून घेऊया. मेसेज वाचलास ना?"

वाचला होता, तीन ग्रुपवर तीनदा. मजकूर असा: युरोपने 'युरोपियन फाउंडेशन' हा जगभर चालणारा ट्रस्ट आणला आहे. 25 हजार युरो दाखवले की कुठल्याही देशातला ट्रस्ट त्यात बदलून मिळतो. मग धर्मादाय आयुक्त नको, एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा आपला कायदा) नको, सगळीकडे कर माफ आणि परदेशी देणगी थेट आपल्या खात्यात. खाली एका 'सल्लागारा'चा नंबर आणि फाइल उघडायचे 21 हजार रुपये.

आमचा ट्रस्ट म्हणजे गिरगावातल्या चाळीतली एक खोली, एक लोखंडी कपाट, जूनमध्ये मुलांना वह्या आणि काही जणांची फी. वर्षाचा खर्च दोन लाखांच्या आत. मी खजिनदार, मामा अध्यक्ष. त्यामुळे हा मेसेज हसून सोडून देता येईना.

'युरोपने आणला आहे.' आणलेला नाही. युरोपीय संघाच्या आयोगाने 8 फेब्रुवारी 2012 ला प्रस्ताव मांडला होता, त्याचं लॅटिन नाव 'फंडाशियो युरोपेआ'. 25 हजार युरोंचा आकडा त्यातलाच, म्हणून मेसेज खरा वाटतो. पण असा कायदा व्हायला सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागत होतं. दुसऱ्या देशातल्या संस्थेला आपल्याकडच्या करसवलती द्यायच्या यावर गाडी अडली. कराचा भाग काढून टाकला तरी एकमत झालं नाही, आणि 2015 मध्ये आयोगाने प्रस्ताव मागे घेतला. सप्टेंबर 2023 मध्ये सीमापार संघटनांसाठी वेगळा प्रस्ताव आला, पण तो सभासदांच्या संघटनांसाठी. फाउंडेशन त्यात नाहीतच. म्हणजे 21 हजार भरून जी फाइल उघडायची, ती तिकडेच कधीची बंद झाली आहे.

'कुठल्याही देशातला ट्रस्ट', 'आयुक्त नको' हेही तसंच. रूपांतराची सोय होती ती युरोपीय संघातल्या संस्थांना, आणि काम किमान दोन सदस्य देशांत हवं होतं. गिरगाव आणि ठाकूरद्वार हे दोन देश धरत नाहीत. देखरेखही होतीच: ज्या देशात नोंदणी, तिथलं प्राधिकरण हिशेब मागणार आणि चौकशी करणार. वरळीच्या आयुक्तांऐवजी त्या देशातल्या प्राधिकरणाकडे हेलपाटे, एवढाच काय तो फरक.

आता खरं विष: 'एफसीआरए नको, थेट खात्यात घ्या.' समजा, असा युरोपियन ट्रस्ट उद्या खरंच जन्माला आला. त्याने आम्हाला पैसे पाठवले तर आमच्या कायद्याच्या लेखी तो कोण? परदेशी स्रोत. 2010 च्या परकीय योगदान नियमन कायद्यात, म्हणजेच एफसीआरएमध्ये, परदेशी ट्रस्ट आणि फाउंडेशन यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतरचं कलम 17 सांगतं की परदेशी देणगी आधी फक्त दिल्लीत ठरवून दिलेल्या स्टेट बँकेच्या शाखेतल्या खात्यात यायला हवी. ती शाखा संसद मार्गावर आहे, गिरगाव नाक्यावर नाही. आणि त्या खात्यासाठी आधी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी तीन वर्षांत 15 लाखांचं काम दाखवावं लागतं. आमच्या वह्यांचा हिशेब तिथपर्यंत पोचत नाही. मेसेजमध्ये पुढे लिहिलंय, 'अडचण आल्यास ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत फिरवून घ्या.' कलम 7 नेमकं तेच बंद करतं: एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. कायदा मोडून देणगी घेणाऱ्यालाच नव्हे, घ्यायला मदत करणाऱ्यालाही तुरुंगवासाची तरतूद आहे. सल्लागाराच्या मेसेजमध्ये ही ओळ मात्र नव्हती.

मामाचा मुलगा न्यू जर्सीत असतो. दर वर्षी वह्यांसाठी पैसे पाठवतो. तो भारतीय नागरिक होता तोवर ठीक होतं. स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत आलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. गेल्या वर्षी त्याने अमेरिकन पासपोर्ट घेतला. आता तोही परदेशी स्रोत.

"पोटचा पोरगा परदेशी कसा?" मामा भडकला.

"कायद्याला पोट नसतं, मामा."

"मग मी माझ्या खात्यात मागवतो आणि ट्रस्टला देतो."

तेही चालत नाही. मुलाने बापाला पैसे पाठवायला हरकत नाही, पण परदेशी स्रोताचे पैसे मधल्या माणसाच्या हातून ट्रस्टला आले तरी ते परदेशीच धरले जातात. यावर मामा बराच वेळ गप्प होता.

करमाफीबद्दल एकच: आपल्या ट्रस्टला आयकरात सूट हवी तर उत्पन्न साधारणपणे भारतातल्या कामावर खर्च व्हावं लागतं. युरोपची पाटी लावून ती वाढत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते, नाइलाजाने. सीमेपलीकडे दान द्यायचं दुखणं खरं आहे, आणि युरोपातही आहे. पर्शे नावाच्या एका जर्मन कर सल्लागाराने पोर्तुगालमधल्या संस्थेला चादरी, टॉवेल, म्हाताऱ्यांसाठी वॉकर आणि मुलांसाठी खेळण्यातल्या गाड्या दिल्या, साधारण 18 हजार युरोंच्या. जर्मनीच्या कर खात्याने वजावट नाकारली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2009 मध्ये निकाल आला: संस्था केवळ दुसऱ्या देशातली आहे म्हणून सवलत नाकारता येणार नाही. पण तिचं काम सवलतीला पात्र आहे हे कागदोपत्री सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावरच. चादरींसाठी एवढी यातायात, म्हणून सगळीकडे चालेल असा एकच साचा हवा होता. मागणी रास्त होती. पण मागणी म्हणजे कायदा नव्हे.

मामाने 21 हजारांचा चेक लिहूनही ठेवलाय, ट्रस्टच्या खात्याचा. त्याची सही झाली आहे. आमच्या खात्यावर दोन सह्या लागतात. दुसरी माझी आहे, आणि ती मी करणार नाही.